माळणीचं पाणी

सोमवारी सकाळी अकरा वाजता मी माळणीचं पाणी चाळीसवरून सव्वीसवर आणलं. नोकरीतला माझा हा पहिला स्वतःचा निर्णय. बॉसने सगळ्यांसमोर "वा रे पठ्ठ्या" म्हटलं. मी दिवसभर फुगून फिरलो. चहासुद्धा उभ्याने प्यायलो, बसलो असतो तर फुटलो असतो.

आता हे पाणी म्हणजे काय ते सांगतो.

आमची अकरा जणांची कंपनी आहे, आम्ही एक गेम बनवतो. पाच विरुद्ध पाच. मधे एक हातगाडी असते, ती ढकलत समोरच्यांच्या फाटकापर्यंत न्यायची. जो आधी नेईल तो जिंकला. खेळायला बावीस कॅरेक्टर. लोहार हातोडा मारतो, तिरंदाज लांबून बाण सोडते, ढालवाला ढाल धरून उभा राहतो. माळीण कोणालाच मारत नाही. तिच्या हातात झारी. आपल्या टीममधला कोणी जखमी झाला की त्याच्यावर पाणी घालायचं, त्याचा जीव भरतो. एका झारीत चाळीस जीव.

माझं काम असं, की एखादं कॅरेक्टर इतकं भारी होऊ द्यायचं नाही की बाकीची एकवीस नुसती शोभेला उरतील. कॉम्प्युटरवर एक मोठं टेबल आहे, म्हणजे तक्ता, त्यात सगळे आकडे. आकडा बदलला की गेम बदलतो.

हे मी कुठे शिकलो? कुठेच नाही. कॉलेजात नापास होता होता घरी बसून दुसऱ्यांच्या गेमचे तक्ते बनवायचो. कोण किती जिंकतं, का जिंकतं. एकदा ह्या कंपनीला चौदा पानी मेल टाकला की तुमच्या लोहाराने गेमची वाट लावली आहे. बॉसने उलट विचारलं, "मग येतोस का दुरुस्त करायला? तीन महिने बघू."

ते तीन महिने येत्या शुक्रवारी संपत होते. शुक्रवारी बॉस सांगणार होता, कायम की घरी. आणि शनिवारी गेम सगळ्यांसाठी खुला होणार होता. त्यामुळे माळणीचा निर्णय बरोबर निघणं माझ्यासाठी फार गरजेचं होतं.

आणि तो बरोबरच होता! तीन आठवडे चाचणी चालली होती, आणि नंतरचा एक आठवडा मी त्यातले आकडे चाळत होतो. आम्ही अकरा जणांनी प्रत्येकी पाच माणसं आणली, म्हणजे पंचावन्न खेळाडू. कोणी आपल्या माणसांची बाजू घेऊ नये म्हणून नावं झाकलेली. प्रत्येकाला नुसता नंबर, आणि कोणता नंबर कोण ती यादी बॉसच्या कपाटात. टेबलात स्वच्छ दिसत होतं, ज्या टीममध्ये माळीण ती टीम शंभरातल्या चौसष्ट मॅच जिंकते. चौसष्ट म्हणजे अतीच. वर चांगल्या खेळाडूंच्या तक्रारी होत्याच, "माळीण असली की मारामारी संपतच नाही, मारलेला माणूस परत टवटवीत, आम्ही काय भाजी निवडायला आलोय का?"

म्हणून सव्वीस.

संध्याकाळी घरी गेलो. घर म्हणजे आत्याचं. ऑफिस जवळ पडतं म्हणून मी तिच्याकडे राहतो. दार उघडायच्या आधीच आवाज आला.

"कोण मेला आहे तो? मला नुसता दाखवा!"

बाहेरच्या खोलीत नेहमीची बैठक भरली होती. माझी पाच माणसं म्हणजे हीच. आत्या, काका, आतेबहीण म्हणजे ताई, भाऊजी, आणि खालच्या मजल्यावरचे टाइपिंगचे मास्तर. मास्तरांचा क्लास कधीच बंद झाला, पण बोटं अजून तशीच. ताठ बसतात, कीबोर्डकडे बघत नाहीत.

"काय झालं आत्या?" मी बूट काढता काढता विचारलं. बुटाची नाडी सोडायला मी त्या दिवशी फार वेळ घेतला.

"माझ्या माळणीची झारी बारीक केली कोणीतरी! हे काय पाणी आहे? चमचाभर! जावई समोर मरताहेत आणि मी आपली शिंपडतेय!"

"मी तसाही मरतो," भाऊजी म्हणाले. भाऊजी लोहार घेतात आणि पहिल्या सेकंदाला शत्रूत घुसतात. कायम. त्यांना थांबणं माहीत नाही.

"तुम्ही मरता ते वेगळं. आधी मी जिवंत करायची."

"तुझ्या ऑफिसमधलाच असेल ना रे कोणीतरी?" ताईने माझ्याकडे बघून विचारलं. ताई तिरंदाज घेते आणि छपरावर जाऊन बसते, खाली कोण मेलं ह्याच्याशी तिचा संबंध नसतो.

"असेल," मी म्हणालो. "मोठी कंपनी आहे."

"अकरा जण," काका पेपरमागून म्हणाले.

मी आत जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

जेवताना आत्याने त्या माणसाच्या सात पिढ्या काढल्या. त्यातल्या निम्म्या तिच्याच होत्या, पण ते तिला माहीत नव्हतं.

बुधवारी दुपारी तपासणीवाली माझ्या टेबलापाशी आली. गेममध्ये काय बिघडतंय ते शोधणं हे तिचं काम, आणि ते ती घरात पाल शोधावी तसं करते.

"तुझी माळीण एक आठवडा जिंकते आणि एक आठवडा हरते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पहिला आठवडा, शंभरातल्या ऐंशी. दुसरा, चाळीस. तिसरा, परत ऐंशी. कॅरेक्टर तेच, पाणी तेच. मधल्या आठवड्यात ही बाई रजेवर होती का?"

मी टेबल परत उघडलं.

"आणि हे बघ," ती पुढे. "माळणीच्या एकूण मॅच एकशे बारा. त्यातल्या सत्त्याण्णव एकाच टोळीच्या. नंबर एकवीस ते पंचवीस. बाकीचे पन्नास जण माळीण जवळजवळ घेतच नाहीत. सगळ्यांना मारायचंय, पाणी कोण घालणार?"

मी टक्के बघितले होते. मॅच किती, ते बघितलंच नव्हतं. चौदा पानी मेल लिहिणारा मी! दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी पंधरावं पान लिहिलं असतं.

आणि मला एक गोष्ट माहीत होती जी तिला माहीत नव्हती. आत्या बस डेपोत कंट्रोलर आहे. खोलीत बसून माइकवरून साठ बस हलवते. एक आठवडा तिची सकाळची ड्युटी, एक आठवडा संध्याकाळची. संध्याकाळची असली की घरी माळीण काका घेतात. आणि काका पाणी झाडांना घालतात. गेममधल्या झाडांना. त्यांना ती सुकलेली वाटतात.

"मला वाटतं ती माझी आत्या आहे," मी म्हणालो.

"कोण?"

"माळीण."

ती खुर्ची ओढून बसली आणि इतकी हसली की चित्रवाली, म्हणजे आमची कॅरेक्टर काढणारी, हेडफोन काढून वळून बघायला लागली.

"म्हणजे कंपनीने तीन आठवडे चाचणी केली," तपासणीवाली हळू आवाजात म्हणाली, "आणि तू घरच्यांनाच तोललंस."

"हळू बोल."

"बॉसला सांगणार?"

यादी कपाटात होती. कपाट कोणी उघडणार नव्हतं. मी गप्प बसलो तर शुक्रवारी कायम होणार होतो, शनिवारी सव्वीसवाली माळीण जगभर जाणार होती, आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. हे सगळं मी विचारपूर्वक मोजलं, खोटं कशाला बोलू.

"आधी खात्री कर," ती म्हणाली. "मग रड. माझे पाच जण घे समोर. सगळे एका सलूनमध्ये कामाला आहेत, संध्याकाळी सहानंतर गिऱ्हाईक नसतं. जुनं चाळीसवालं पाणी लावून बारा मॅच खेळव. सहा बोलून, सहा न बोलता. जिंकते ती माळीण की तुझी आत्या, कळेल."

घरी आलो तेव्हा मंडळी बसलेलीच होती. मी लॅपटॉप उघडला आणि शक्य तितक्या सहज म्हणालो, "आज जुन्या पाण्याने खेळायचंय का? चाळीसवालं. बारा मॅच, कामासाठी हव्यात."

"अरे व्वा!" भाऊजी म्हणाले.

आत्या मात्र चष्म्यावरून बघायला लागली. साठ बसच्या ड्रायव्हरांच्या थापा रोज ऐकणारी बाई आहे ती.

"तुझ्याकडे जुनं पाणी कुठून आलं?"

"ऑफिसमधून."

"ऑफिसमध्ये कोणी ठेवलं?"

"टेबलात असतं ते."

"आणि टेबलात नवं कोणी घातलं?"

पेपर खाली आला. काकांना ऐकायचं होतं. मास्तरांची बोटं पहिल्यांदाच थांबलेली मी बघितली.

"मी," मी म्हणालो.

ताई फुसकन हसली आणि तिने तोंडावर उशी धरली.

"तू?" आत्या म्हणाली. "माझ्या घरात राहून? माझ्या हातचं खाऊन? सोमवारी दोन पोळ्या जास्त घेतल्यास तू!"

"टेन्शनने भूक लागते मला."

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले.

"तुम्हाला वाटलं होतं तर बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस ना."

मी सगळं सांगून टाकलं. टक्के, एकशे बारा, सत्त्याण्णव, शुक्रवार. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हात पुढे केला. "दे माउस. आधी खेळू. तुझं मग बघते."

पहिल्या सहा मॅच बोलून. मी इतके दिवस ह्या खोलीत राहिलो, पण ती कशी खेळते ते कधी नीट बघितलंच नव्हतं. मी आपला आत बसून आकडे बघायचो. आत्या स्वतःच्या स्क्रीनकडे निम्माच वेळ बघते. बाकी वेळ सगळ्यांच्या.

"लोहार, थांब. थांब म्हटलं ना! गाडी येऊ दे. हां, आता सोड. मास्तर, डावीकडून वळसा, रस्ता मोकळा आहे. छपरावरची, खाली बघ जरा, आई मरतेय. अहो, ढाल! ढाल पुढे, पेपर मागे!"

आणि भाऊजी थांबत होते. सासूचा आवाज आला की थांबत होते! सहातल्या पाच जिंकल्या. सलूनवाल्यांनी मेसेज टाकला, "हे लोक कोण आहेत?"

मग सहा न बोलता. आत्याने ओठ घट्ट मिटले. पहिल्या मिनिटाला भाऊजी घुसले आणि मेले. आत्याच्या घशातून बसच्या हॉर्नसारखा आवाज आला.

"हरकत आहे," मास्तर म्हणाले. "हा आवाज धरायचा का?"

"धरायचा," मी म्हणालो. "ती बाद, परत."

परत सुरू. आत्याने एक हात तोंडावर धरला, मग एका हाताने माउस आणि कीबोर्ड जमेना. तिने रुमाल बांधला. रुमालाच्या वर नुसते डोळे, आणि त्या डोळ्यांनी ती जावयाला जे सांगत होती ते छापता येणार नाही. ताई छपरावरून उतरली नाही. काका गाडीच्या उलट दिशेला ढाल धरून तब्बल दोन मिनिटं उभे होते, कोणी सांगितलंच नाही म्हणून. मास्तर एकटेच वेगात होते, पण वेगात चुकीच्या गल्लीत. सहातली एक जिंकली, तीसुद्धा समोरचा एक जण गिऱ्हाईक आलं म्हणून उठला तेव्हा.

पाणी तेच. चाळीस.

आत्याने रुमाल सोडला. मला वाटलं आता माझी बारी. पण तिचा चेहरा वेगळाच झाला होता.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माळीण जिंकत नव्हतीच. मी जिंकत होते."

"हो."

"ऐकलंत का?" ती काकांना म्हणाली. "कंपनीने माझं पाणी कमी केलं. मला घाबरून."

"मी एकोणतीस वर्षं घाबरतोय," काका म्हणाले, "मला कोणी विचारत नाही."

त्या आनंदात मला माफी मिळाली, निदान मला तसं वाटलं. मग ती माझ्याकडे वळली. "साहेबाला सांगणार ना?"

"सांगितलं तर नोकरी जाईल कदाचित."

"जाईल कदाचित." तिने मान हलवली. तिने धीर वगैरे दिला नाही. "मी चुकीची गाडी सोडली ना, तर लगेच माइकवर सांगते, माझी चूक, बारा नंबर मागे घ्या. ड्रायव्हर शिव्या देतात. देऊ देत. नाही सांगितलं तर एकाच स्टॉपवर दोन गाड्या समोरासमोर येतात, आणि मग शिव्या प्रवासी देतात. ते जास्त असतात."

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण तक्रारवाल्यांचंही खरं आहे हो. मी समोरच्या बाजूला असते तर मलाही माझा वैताग आला असता. कधी मरतच नाहीत लोक. पाणी कमी नको करूस. पण झारी सारखी भरलेली का असते? तिला विहिरीवर पाठव. चार झाऱ्या झाल्या की जायचं, भरून आणायचं. वाटेत कोणी गाठलं तर गाठलं. त्यांना पण एक चान्स मिळेल, आणि मला जरा चालणं."

मी चार पुस्तकं वाचून आणि दोनशे व्हिडिओ बघून जे शिकलो नव्हतो ते हिने उशीला टेकून सांगितलं. मला थोडा रागच आला, खरं सांगायचं तर.

शुक्रवारी मीटिंग. अकरा जण, एक टेबल, मधे बिस्किटं. बॉसने सुरुवातच केली, "आपल्या पठ्ठ्याचे तीन महिने आज..."

"त्याआधी मला एक सांगायचंय," मी म्हणालो. मी टक्के सांगितले, मॅचचा आकडा सांगितला, मग बारा मॅचचा निकाल. "आणि एकवीस ते पंचवीस हे नंबर माझ्या घरचे आहेत. कपाटातली यादी बघा. मी माझ्या आत्याचा आवाज मोजला आणि माळणीचं पाणी कापलं. ते मागे घ्यायला पाहिजे."

बिस्किटाकडे गेलेले दोन हात तिथेच थांबले. बॉस उठला, कपाट उघडलं, यादी बघितली, कपाट बंद केलं. परत येऊन बसला.

"हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"आणि आज सांगतोयस."

"काल दिवसभर हिंमत गोळा करत होतो."

तपासणीवाली खाली बघून पेन चावत होती. बॉस हसला नाही. "पाणी चाळीस कर," तो म्हणाला. "आत्ता, इथेच." मी केलं. "आता सांग, उद्या तक्रारवाले परत बोंबलतील. त्यांना काय देणार?"

मी विहीर सांगितली. आत्याची आहे हेही सांगितलं, त्या दिवशी काही लपवायची ताकदच उरली नव्हती.

"थांबा," चित्रवाली ओरडली. "विहीर कोण काढणार? शुक्रवारी दुपारी? आणि ती बाई झारी घेऊन चालणार कशी? तिला चालच नाहीये, ती नुसती घसरते!"

"घागरा लांब आहे," बॉस म्हणाला. "पाय दिसत नाहीत. घसरू दे." मग माझ्याकडे वळला. "टेबलाची चावी दे."

म्हणजे आकडे बदलायचा पासवर्ड. मी चिठ्ठीवर लिहून दिला. एक अक्षर दोनदा खोडलं.

"एक महिना तुला टेबलाला हात लावायचा नाही," बॉस म्हणाला. "ह्या महिन्यात तू फिरायचं. चाचणीच्या प्रत्येक टोळीच्या मागे जाऊन बसायचं. कोण काय खेळतं, का खेळतं, कोण कोणावर ओरडतं. सगळं बघायचं. स्वतःच्या घरी सोडून."

"म्हणजे मी आहे?"

"कायम नसतास तर भटकायचा पगार कोण देणार? पत्र सोमवारी. आता बिस्किटं संपव, मऊ पडली."

घरी फोन केला. आत्या ड्युटीवर होती, मागे माइकचे आवाज येत होते. "राहिलो," मी म्हणालो. "आणि विहीर घेतली त्यांनी."

"सात नंबर, निघ," ती कोणालातरी म्हणाली. मग मला, "येताना भाजी आण."

सोमवारी दुपारी मी सलूनमध्ये होतो. तीन खुर्च्या रिकाम्या, आरशासमोर पाच फोन, आणि पाच जण हमरीतुमरीवर. भांडण असं की पाचही जणांना तिरंदाज हवी, आणि टीममध्ये ती एकच घेता येते.

"हात तुझा हलतो, काल निम्मे बाण आभाळात!"

"हात हलला असता तर गिऱ्हाइकांचे कान राहिले असते का?"

"मला का आवडते सांगू?" सगळ्यात वयस्कर न्हावी माझ्याकडे वळून म्हणाला. "दिवसभर माणूस एवढ्या जवळ असतो, हा एवढ्या, त्याचा श्वास अंगावर. खेळताना तरी मला लांब राहू दे."

दुसरा म्हणाला, त्याला तिचे केस आवडतात, कापणी चांगली आहे. तिसऱ्याला वरून सगळं दिसतं म्हणून. चौथ्याला बाकीच्या चौघांना मिळू नये म्हणून. पाचवा विचार करत होता.

"तू लिहीत का नाहीयेस रे?" वयस्कर न्हाव्याने विचारलं. "ऑफिसने पाठवलंय ना?"

"लिहितो," मी म्हणालो आणि फिरणारी एक खुर्ची ओढून त्यांच्या मागे बसलो. "तुम्ही चालू ठेवा. ह्यांचं अजून सांगायचं राहिलंय."